ऑनलाइन दोस्ताची पहिली भेट आणि मुंबईतला रेसलिंगचा शनिवार-रविवार

दोन-तीन वर्षं रोज रात्री रॉ आणि स्मॅकडाउन या रेसलिंगच्या कार्यक्रमांवर ऑनलाइन भांडणारी दोन माणसं पहिल्यांदा समोरासमोर येतात, तेव्हा अडचण रेसलिंगची कधीच नसते. बॅग कुठे ठेवायची, दादरला नेमकं कुठे उभं राहायचं, शो सुटल्यावर कोण कसं परत जाणार, आणि समोर आल्यावर सूर जुळलेच नाहीत तर काय करायचं, इथे घोडं अडतं. म्हणून सगळी आखणी एका नियमावर करा: तिकीट, झोपायची जागा आणि परतीची वाट या तीन गोष्टी दोघांच्या वेगवेगळ्या. खाणं, फिरणं, आरडाओरडा, सगळं एकत्र. पाहुण्याची झोपायची जागा यजमानाच्या हातात असली की पाहुणा "मी दमलोय, जातो" असं म्हणूच शकत नाही. यजमानही "आज पुरे" म्हणायला कचरतो. मग रात्री अकरापर्यंत दोघं एकमेकांचं मन राखत बसतात आणि छान दोस्ती उगाच कंटाळवाणी होते.

तारीख ठरवताना हमखास होणारी चूक

रॉ आणि स्मॅकडाउन करणाऱ्या डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी कंपनीचे भारतातले शो क्वचित होतात. डिसेंबर २०१७ मध्ये दिल्लीत झाला, मग सप्टेंबर २०२३ मध्ये हैदराबादला. त्यामुळे मुंबईतल्या दोस्तांचा शनिवार-रविवार दोनपैकी एका प्रकारचा असतो. एक तर हॉलमध्ये प्रत्यक्ष शो, नाही तर अमेरिकेतला मोठा इव्हेंट पहाटे एकत्र बसून बघणं.

पहाटेच्या प्रकारात वाराचा घोळ होतो. अमेरिकेतली शनिवारची रात्र म्हणजे आपल्याकडे रविवारची पहाट. डब्ल्यूडब्ल्यूईचा वर्षातला सगळ्यात मोठा इव्हेंट, रेसलमेनिया, २०२० पासून दोन रात्रींचा आहे, म्हणजे आपल्याला तो रविवारी आणि सोमवारी पहाटे बघायचा असतो. पाहुणा सवयीने रविवार रात्रीचं परतीचं तिकीट काढून बसतो आणि दुसऱ्या रात्रीचा मेन इव्हेंट, म्हणजे शेवटची मोठी मॅच, त्याला गाडीत, रेंज येत-जात असताना बघावा लागतो. परतीचं तिकीट सोमवार दुपारनंतरचं काढा आणि सोमवारची रजा आधीच टाका. वेळेचं गणितही कागदावर मांडा. तिकडच्या ईस्टर्न वेळेनुसार संध्याकाळी ७ म्हणजे मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत आपले पहाटेचे ४:३०, आणि उरलेल्या महिन्यांत ५:३०. इव्हेंट वेगळ्या वेळेला सुरू होणार असेल तर तेवढा फरक धरायचा.

रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. नागपूरकडून विदर्भ एक्सप्रेस आणि कोल्हापूरकडून महालक्ष्मी एक्सप्रेस रात्रभर चालून सकाळी सीएसएमटीला आणून सोडतात, त्यामुळे शनिवारचा अख्खा दिवस हातात राहतो. राहिलंच तर तत्काळ आहे: आदल्या दिवशी एसीसाठी १० वाजता, स्लीपरसाठी ११ वाजता. पण तत्काळच्या भरवशावर दुसऱ्याला शोचं तिकीट काढायला लावू नका. आधी गाडी, मग शो.

भेटण्याआधीची खातरजमा

याबद्दल संकोच वाटतो, पण तो बाजूला ठेवा. किमान दोन व्हिडिओ कॉल करा, पंधरा-वीस मिनिटांचे, एक दिवसाउजेडी आणि एक घरातलं कुणी आसपास असताना. "कॅमेरा खराब आहे" हे कारण एकदा ठीक, तीनदा ऐकू आलं तर भेट पुढे ढकला. भेटीआधी कुणी "तुझंही तिकीट मीच काढतो, पैसे पाठव" म्हणत असेल आणि आजवर त्याचा चेहरा तुम्ही पाहिला नसेल, तर पैसे पाठवायचे नाहीत. ओटीपी, आधारचा फोटो, पीएनआर यातलं काहीही द्यायचं नाही. पाहुण्याला घ्यायला जायला गाडीचं नाव आणि येण्याची वेळ एवढं पुरतं.

घरातल्या एका माणसाला चार गोष्टी लिहून द्या: दोस्ताचं खरं नाव, नंबर, लॉजचं नाव, शोची जागा. लाइव्ह लोकेशन त्याच माणसाला द्या आणि दिवसातून दोन वेळा ठरवून फोन करा. त्यातला एक रात्री, लॉजवर किंवा घरी पोचल्यावर. ठरलेली वेळ टळून अर्धा तास झाला की समोरून फोन येईल, हेही आधीच ठरवा. मुलींनी आणि बायकांनी हे सगळं थोडं अधिक काटेकोर करावं, आणि लॉजची खोली कितवी हे दोस्ताला सांगू नये. अठराच्या आतल्या मुलांनी आई-वडिलांपैकी एकाला सोबत घेऊनच भेटावं, यात तडजोड नाही. अडचणीत ११२, रेल्वेत असाल तर १३९.

कुठे भेटायचं

"दादरला भेटू" हे वाक्य ऐकायला सोपं, पण त्याने दोन माणसं अर्धा तास एकमेकांना शोधत राहतात. दादर स्टेशनवर पश्चिम आणि मध्य अशा दोन रेल्वे आहेत आणि पूल अनेक. डिसेंबर २०२३ पासून फलाटांचे आकडेही बदलले: पश्चिमेचे १ ते ७, मध्यचे ८ ते १४. जुना मुंबईकर अजून "मध्यचा एक नंबर" म्हणतो, आणि बाहेरगावचा दोस्त पाटीवरचा १ वाचून पश्चिमेला जाऊन उभा राहतो. दोघंही "मी एक नंबरवरच आहे" असं अगदी खरं सांगत असतात, आणि मधून गर्दी वाहत असते.

पाहुणा लांब पल्ल्याच्या गाडीने येणार असेल तर सीएसएमटी बरं. तिथे १ ते ७ फलाट लोकलचे आणि ८ पासून पुढचे बाहेरगावच्या गाड्यांचे. ज्या फलाटावर गाडी लागेल तिथे इंजिनाच्या बाजूच्या टोकाला थांबायचं. सगळे प्रवासी तिथूनच बाहेर येतात. यजमानाने फलाट तिकीट काढावं, १० रुपयांचं. उभे आहात त्या जागेचा फोटो पाठवला तर शंभर शब्दांचं काम होतं. अंगात कुठला टी-शर्ट आहे तेही सांगा. काळा टी-शर्ट म्हणू नका, रेसलिंगच्या शोच्या दिवशी निम्म्या मुंबईने काळाच घातलेला असतो.

गाडीतून उतरलेल्या माणसाला मात्र लगेच गप्पांत ओढू नका. त्याला आंघोळ करू द्या, दोन तास पडू द्या. लॉजची खोली दुपारी मिळणार असेल तर सामान सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये ठेवता येतं. तिथे कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत आणि प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं, म्हणून दहा रुपयांचं का होईना, एक कुलूप घरूनच आणायला सांगा.

खरी पहिली भेट दुपारची, दीड तासाची. नावाजलेल्या हॉटेलात नको. माटुंग्याचं कॅफे मद्रास किंवा दादरचं आस्वाद, दोन्हीकडे शनिवार-रविवारी आधी फुटपाथवर रांग, आणि आत बसल्यावर मागे उभ्या लोकांच्या नजरा पानात. गप्पा रंगायच्या आत उठावं लागतं. त्यापेक्षा शिवाजी पार्कचा कट्टा. उघडी जागा, सतत माणसांची जा-ये, पैसे नाहीत, आणि कधीही उठून निघता येतं. बसून बोलणं अवघड जात असेल तर पार्काला एक फेरी मारा. शेजारी-शेजारी चालताना सारखं तोंडाकडे बघावं लागत नाही, म्हणून बोलणं आपोआप सुटतं. पार्कातच समर्थ व्यायाम मंदिर आहे. तिथे मुलं मल्लखांब करताना दिसली तर जरूर थांबा: हा खेळ मुळात पैलवानांचाच व्यायाम, आणि पकड, मांड, तोल हे सगळं तिथे दोन हातांच्या अंतरावरून बघायला मिळतं. भूक लागली की जवळच्या प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आणि पीयूष.

पहिल्या दहा मिनिटांत तीन गोष्टी ठरवून टाका. हाक कुठल्या नावाने मारायची, खऱ्या की ग्रुपवरच्या. तू म्हणायचं की तुम्ही: वर्षभर "अरे भावा" लिहिलेला माणूस समोर पंचेचाळिशीचा निघाला की जीभ अडखळते, सरळ विचारलं की मोकळं होतं. आणि फोटो चालेल का, कुठे टाकलेला चालेल. मधेच शांतता पसरली तर घाबरू नका. लिहिताना तुम्हा दोघांना उत्तर शोधायला वेळ मिळत होता, तो आता मिळत नाही, एवढंच. लहानपणीची रेसलरांची ट्रम्प कार्डं घरात असतील तर रबर लावून खिशात टाका. कोपरे मऊ झालेली ती गड्डी काढून "छाती किती?" असं एकाने म्हटलं की दुसरा उंची, वजन, रँक सांगत सुटतो, आणि तासभर कुठे गेला कळत नाही.

लॉजबद्दल एक गोष्ट फोन करून विचाराच. मुंबईतली बरीच लॉजेस मुंबईचाच पत्ता असलेल्या आधारवर खोली देत नाहीत. "रात्र आपण तिथेच काढू" असं ठरवलेला यजमान मग रात्री बाराला काउंटरवर अडकतो.

हॉलमधला शो

तिकिटं शेजारी-शेजारी हवी असतील तर एकाच व्यवहारात काढावी लागतात. अर्धे पैसे त्याच दिवशी यूपीआयने घ्या, आणि ॲपमध्ये सोय असेल तर दोस्ताचं तिकीट त्याच्या फोनवर पाठवा. दोन्ही तिकिटं एकाच फोनमध्ये आणि फोन आठ टक्क्यांवर, हे दृश्य गेटवर दर वेळी दिसतं. पॉवर बँक आत नेऊ देतीलच असं नाही, म्हणून निघण्याआधी फोन पूर्ण भरा.

खुर्ची निवडताना महाग तेवढं चांगलं असं समजू नका. सपाट जमिनीवरच्या खुर्च्यांत पहिल्या तीन-चार रांगा सोडल्या तर रेसलर आत येतानाचं एंट्रन्स म्युझिक वाजताक्षणी पुढचे सगळे उभे राहतात आणि तुम्हाला फक्त पाठी दिसतात. त्यापेक्षा पायऱ्यांच्या स्टँडमधली खालची चौथी-पाचवी रांग उत्तम: अख्खी रिंग दिसते आणि आपटल्याचा आवाजही छातीत जाणवतो. डब्ल्यूडब्ल्यूईची रिंग २० बाय २० फुटांची असते, लहान कंपन्यांची १६ किंवा १८ फुटांची. कोपऱ्याच्या अगदी सरळ रेषेतली जागा टाळा, खांब नेमका पिन (खांदे जमिनीला टेकवून तीनपर्यंत मोजणं) चालू असताना आड येतो. टी-शर्ट घ्यायचा तर शो सुरू व्हायच्या आधीच घ्या, मधले साइझ आधी संपतात. फलक नेणार असाल तर काठीशिवाय, आणि मॅच सुरू झाली की खाली. मागे कुणाचं तरी लहान मूल बसलेलं असतं.

शो वरळीच्या एनएससीआय डोममध्ये असेल तर दादरहून पश्चिम रेल्वेची धीमी लोकल धरून महालक्ष्मीला उतरा. जलद गाडी तिथे थांबत नाही, थेट मुंबई सेंट्रलला नेते. पुढे काळी-पिवळी टॅक्सी. या भागात रिक्षा नाहीत, हे पाहुण्याला आधी सांगा, नाही तर तो फुटपाथवर हात करत राहतो. सुटताना मात्र गेटसमोर गाडी शोधू नका. हाजी अलीचा चौक त्या वेळी तुंबलेला असतो आणि ॲपवरचा ड्रायव्हर फेरी रद्द करतो. दहा मिनिटं महालक्ष्मीच्या दिशेने चाला, मग गाडी मागवा. लांब उपनगरात जाणाऱ्याने शेवटच्या लोकलची वेळ आधीच बघून ठेवावी. मध्यची शेवटची गाडी पश्चिमेच्या आधी सुटते, आणि मेन इव्हेंट लांबला की तीच चुकते.

पहाटेचा इव्हेंट

एप्रिल २०२५ पासून भारतात डब्ल्यूडब्ल्यूई नेटफ्लिक्सवर आहे. इथे दोन ठिकाणी फसगत होते. फक्त मोबाइलचा प्लॅन असेल तर तो टीव्हीवर चालत नाही, आणि केबल जोडूनही उपयोग नसतो. दुसरी डेटाची: एचडीत तासाला ३ जीबीपर्यंत जातात, म्हणजे चार तासांच्या इव्हेंटला १२. रोजच्या २ जीबीच्या पॅकवर हॉटस्पॉट लावलात तर इव्हेंट अर्ध्यावर यायच्या आत चित्र अडकतं. लॉजच्या वायफायवर आदल्या रात्री दहा मिनिटं काहीतरी लावून बघा.

घरी बघणार असाल तर शनिवारची दुपार एकत्र घालवल्यावरच घरी बोलवा, आणि घरच्यांना सांगून. पहाटे साडेचारला चाळीत किंवा सोसायटीत "वन, टू, थ्री" ओरडता येत नाही, तेव्हा आवाज बेताचा. मॅच मागे नेऊन परत बघणार का, फोन उलटे ठेवणार का, हे आधी ठरवा. थेट चित्रापेक्षा नोटिफिकेशन पुढे धावतं आणि निकाल फोडतं. रविवारी दुपारी पाहुण्याला कुठे न्यायचं असेल तर रेल्वेचा मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी काही मार्ग बंद ठेवणं) बघून निघा. मध्यवर बहुतेक रविवारी माटुंगा ते मुलुंड, साधारण ११ ते ४, गाड्या इकडच्या तिकडे वळवलेल्या असतात. ब्लॉकची बातमी शनिवारच्या पेपरात येते.

सूर जुळले नाहीत तर नाटक नको. "मला आता थोडं एकटं बसायचंय, शोला गेटवर भेटू" इतकं सरळ वाक्य पुरतं. समोरच्याने ते मनाला लावून घेऊ नये. पण कुणी पिण्याचा आग्रह करत असेल, खोलीवर चल म्हणत असेल, फोन मागत असेल, तर कारण न देता निघा. तिकीट, खोली आणि परतीची वाट वेगळी ठेवली ती याच वेळेसाठी.

खर्च रोजच्या रोज एका जागी लिहा: टॅक्सी, खाणं, अर्धं तिकीट. सोमवारी गाडी सुटायच्या आत यूपीआयने चुकते करा. नंतर मागायला संकोच वाटतो, आणि दीडशे रुपयांपायी ग्रुपवरचं बोलणं कमी होतं. गाडी हलली की यजमानाने घरी फोन करून दोस्त निघाल्याचं सांगावं, आणि पाहुण्याने कल्याण गेल्यावर आपल्या घरी.