सहा संदीप पाटील आणि एक विकी

जळगाव, धुळे, शिरपूरच्या कॉलेजांतून पुण्यातल्या आयटी कंपनीत लागलेल्या आणि आयडेंटिटी गव्हर्नन्सच्या (कोणाला कशात प्रवेश आहे, हे सांभाळणाऱ्या) टीममध्ये पडलेल्या नवख्याला सुरुवातीलाच असं काम मिळू शकतं: कॉन्फ्लुअन्स (कंपनीची अंतर्गत विकी) सेलपॉइंट या गव्हर्नन्स प्लॅटफॉर्मला जोडायचं. कनेक्टरची (दोघांना जोडणाऱ्या भागाची) माहिती भरून ‘टेस्ट कनेक्शन’ हिरवं व्हायला फार वेळ लागत नाही. वेळ जातो तो कोणतं खातं कोणाचं आणि कोणत्या ग्रुपने नेमकं काय उघडतं, हे शोधण्यात.

काहीही भरण्याआधी विकीच्या अॅडमिनला एवढंच विचारा: खाती कुठे तयार होतात? कॉन्फ्लुअन्स डेटा सेंटर (कंपनी स्वतः चालवते ती आवृत्ती) असेल तर दोन शक्यता असतात. खाती त्याच्या अंतर्गत डिरेक्टरीत असतील, तर तिथेच बदल करता येतो. ती अॅक्टिव्ह डिरेक्टरीतून (कंपनीच्या सगळ्या लॉगिनची मध्यवर्ती यादी) फक्त वाचायला घेतलेली असतील, तर विकीवर लिहायला गेलात की एरर येणारच. अशा वेळी ग्रुपमधली भर-वजाबाकी सेलपॉइंटमधल्या अॅक्टिव्ह डिरेक्टरीच्या जोडणीवरून करायची आणि विकी फक्त वाचायला ठेवायची. डिरेक्टरीचं सिंक मूळ सेटिंगमध्ये दर ६० मिनिटांनी होतं, म्हणून काढलेला माणूस तासभर तसाच दिसला तर लगेच तिकीट टाकू नका.

क्लाउडची (कॉन्फ्लुअन्स बनवणारी अॅटलासियन स्वतः चालवते ती आवृत्ती) तऱ्हा निराळी. तिथे खाती संस्थेच्या पातळीवर असतात. स्किमने (SCIM, खाती आपोआप तयार आणि बंद करण्याची ठरलेली पद्धत) ती तयार करायची, तर कंपनीचं ईमेल डोमेन पडताळून घ्यावं लागतं आणि अॅटलासियन गार्डचं लायसन्स लागतं (२०२४ पर्यंत त्याचं नाव अॅक्सेस होतं). स्किमने आलेला ग्रुप विकीच्या बाजूने हाताने बदलता येत नाही. माणसाची ओळख युजरनेमने नाही, अकाउंट आयडीने होते. डोमेनबाहेरच्या पाहुण्यांचा ईमेल गोपनीयतेच्या सेटिंगमुळे रिकामा येऊ शकतो. एपीआय टोकन (प्रोग्रॅमला विकीत शिरायला लागणारा पासवर्डसारखा कोड) जास्तीत जास्त वर्षभर चालतं. ते एका माणसाच्या नावावर नको, सर्व्हिस खात्यावर घ्या आणि संपण्याची तारीख टीमच्या कॅलेंडरमध्ये टाका.

आता अॅग्रिगेशन, म्हणजे विकीवरची खाती प्लॅटफॉर्ममध्ये वाचून आणणं. सगळ्यात मोठा घोळ इथे होतो. एपीआय सगळे सदस्य एकदम देत नाही, पानापानाने देतो. समजा जळगाव एमआयडीसीतल्या पाइपच्या कारखान्यात ६५० खाती आहेत आणि पेजिंग चुकलं, तर फक्त पहिलं पान येतं. उरलेली खाती गेली, असं प्लॅटफॉर्म समजतो. त्यातून पुढे काढून टाकण्याचा वर्कफ्लो चालला, तर सकाळी अर्धा कारखाना विकीबाहेर. म्हणून डिलीट थ्रेशोल्ड (यापेक्षा जास्त खाती एकदम गेलेली दिसली तर थांबायचं, ही मर्यादा) आधी लावा. सुरुवातीला ५ टक्के पुरे. प्रोव्हिजनिंग (प्लॅटफॉर्मने विकीवर बदल लिहिणं) बंद ठेवा आणि आलेला आकडा विकीच्या युजर यादीशी ताडून बघा. तो जुळेपर्यंत पुढे जाऊ नका.

मग कोरिलेशन, म्हणजे विकीवरचं खातं एचआरमधल्या माणसाशी जोडणं. नावावरून जोडणी कुठेच करू नये. खानदेशात तर नाहीच नाही. एका युनिटमध्ये सहा संदीप पाटील आणि चार योगेश चौधरी सहज निघतात. एचआरमध्ये आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. विकीवर मात्र ‘आप्पा पाटील’, कारण अख्खा प्लांट त्यांना आप्पाच म्हणतो. इंग्रजी स्पेलिंगही एचआरमध्ये एक, विकीवर दुसरं. तेव्हा कर्मचारी क्रमांक ही पहिली किल्ली आणि ऑफिसचा ईमेल दुसरी, तोही दोन्हीकडे लहान अक्षरांत आणून. दोन्हींनी जे जुळत नाही ते आपोआप कुणालाही चिकटवू नका. त्याची वेगळी यादी काढा आणि खातेप्रमुखांकडून हाताने भरून घ्या. त्यात बहुधा कंत्राटी माणसं, सोडून गेलेले आणि ‘स्टोअर१’सारखी सामायिक खाती निघतात. सामायिक खात्याला एक जबाबदार माणूस नेमा. चुकीच्या संदीप भाऊंना पगारपत्रकाची स्पेस (विकीतला पानांचा विभाग) उघडली गेली, तर प्लॅटफॉर्म ओरडणार नाही. त्याच्या दृष्टीने सगळं नियमात आहे.

अधिकारांचे तीन थर असतात: ग्लोबल (अख्ख्या विकीवरचे), स्पेस आणि पानावरची बंधनं. फक्त ग्रुप आणले, तर स्पेसमध्ये थेट माणसाला दिलेले हक्क दिसत नाहीत. आधी ते काढून ग्रुपवर आणा. काम कंटाळवाणं आहे, पण यालाच सगळ्यांत जास्त वेळ द्या. अनामिक (लॉगिनशिवायचा) प्रवेश चालू आहे का, तेही त्याच फेरीत बघून घ्या. पानांवरची बंधनं गव्हर्नन्समध्ये ओढण्याच्या नादी लागू नये. पानं हजारो असतात आणि हे हक्क तपासणारा साहेब डोळे मिटून ‘मंजूर’ दाबत सुटतो. प्रत्येक ग्रुपपुढे साध्या मराठीत एक ओळ लिहा: ‘धुळे युनिटच्या क्वालिटी रिपोर्टमध्ये बदल करता येतो’. नुसतं ‘डीएच-क्यूए-आरडब्ल्यू’ बघून कोण काय ठरवणार?

नोकरी सोडणाऱ्याचं खातं पुसू नका, निष्क्रिय करा. त्याची पानं, शेरे आणि जुन्या आवृत्त्यांवरचं नाव शाबूत राहतं. तो एखाद्या स्पेसचा एकमेव अॅडमिन असेल, तर आधी दुसरा नेमा.

सरावासाठी सेलपॉइंट घरी मिळत नाही. मिडपॉइंट हे मुक्त स्रोताचं गव्हर्नन्स सॉफ्टवेअर आहे. ते डॉकरवर (सॉफ्टवेअर तयार डब्यासारखं चालवण्याचं साधन) चालतं, सोबत पोस्टग्रेस डेटाबेस लागतो. ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर ब्राउझरच्या टॅब बंद ठेवल्या तर भागतं. एचआरची एक आणि विकीची एक अशा दोन सीएसव्ही फायली करा. मुद्दाम सारखी नावं, रिकामे ईमेल, दोनदा आलेले क्रमांक घाला आणि कोरिलेशनचा नियम लिहून आधी सिम्युलेशनमध्ये (खरा बदल न करता) चालवा. मग विकीच्या फाइलमधल्या निम्म्या ओळी उडवून थ्रेशोल्ड खरंच अडवतो का, ते बघा.