माझा पेपर कोणी, कशासाठी वापरला?

साथरोगशास्त्रात संशोधन सुरू केलं तेव्हा पहिली काही वर्षं मी जवळजवळ रोज गूगल स्कॉलर उघडून माझे सायटेशन, म्हणजे इतरांनी माझ्या पेपरांचे घेतलेले संदर्भ, बघायचे. आकडा वाढला की बरं वाटायचं, थांबला की काळजी. मग एका पदासाठी अर्ज करताना प्रश्न आला: तुमच्या संशोधनाचा प्रभाव एका पानात लिहा. एकूण सायटेशन, एच-इंडेक्स, जर्नलांची नावं लिहून झाली आणि अर्धं पान रिकामंच राहिलं.

तेव्हा माझ्या एका पेपरचा संदर्भ ज्यांनी घेतला होता, ते साठेक पेपर मी एकेक करून उघडले. बहुतेकांनी प्रस्तावनेत, चार-पाच संदर्भांच्या घोळक्यात आमचं नाव घेतलं होतं. एकाने तर आम्ही काढलेलाच नव्हता तो निष्कर्ष आमच्या नावावर घातला होता. पण चार गटांनी आमचा अधिशयन काळाचा (संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतच्या काळाचा) अंदाज उचलून साथ कशी पसरेल याच्या स्वतःच्या गणिती मॉडेलमध्ये वापरला होता. आकड्यात हे सगळे सारखेच. माझ्या दृष्टीने मात्र त्या चारांचं मोल वेगळं होतं, आणि मला पानावर लिहायचं होतं ते हेच.

तुम्ही या क्षेत्रात नवे असाल तर एच-इंडेक्स एकदा हाताने काढून बघा. हॉर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 मध्ये तो सुचवला: तुमच्या जितक्या पेपरांना प्रत्येकी किमान तितकेच सायटेशन आहेत, ती सर्वांत मोठी संख्या. समजा तुमच्या सात पेपरांना 120, 45, 20, 9, 6, 5 आणि 2 सायटेशन आहेत. पाचव्या पेपरला किमान पाच आहेत, सहाव्याला सहा नाहीत, म्हणून एच-इंडेक्स 5. त्या 120 चे उद्या 1,200 झाले तरी तो 5 च. शिवाय गूगल स्कॉलर प्रबंध, अहवाल, प्रीप्रिंट (जर्नलमध्ये छापून येण्याआधी खुला केलेला पेपर) असं बरंच काही धरतं. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स हे सायटेशन मोजणारे डेटाबेस निवडक जर्नलांवर भर देतात. त्यामुळे एकाच माणसाचे तीन ठिकाणी तीन आकडे दिसतात. अर्जात आकडा कुठून आणि कोणत्या तारखेला घेतला ते लिहाच.

आपल्या विषयात आणखी एक गोष्ट आहे: सायटेशन साथीबरोबर येतात. 2020 मध्ये कोव्हिडवर लवकर आलेल्या पेपरांना काही महिन्यांत हजारो सायटेशन मिळाले. त्याच वेळी खरजेवर किंवा सर्पदंशावर वर्षानुवर्षं नेटाने काम करणाऱ्यांचे आकडे लहानच राहिले. त्यांची तुलना एकाच पट्टीने करणं मला अन्यायाचं वाटतं. आणि मोठा आकडा म्हणजे चांगलं काम असंही नाही. एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा 1998 चा लॅन्सेटमधला पेपर 2010 मध्ये मागे घेतला गेला, तरी त्याचे सायटेशन प्रचंड आहेत; त्यातले बरेचसे त्याला खोडून काढणारे.

मग दुसऱ्यांना खरंच वापरता येईल असं काय असतं? मला सर्वांत जास्त शिकवणारं उदाहरण म्हणजे कोव्हिडच्या अधिशयन काळाचा 2020 मधला एक अभ्यास. रुग्ण फक्त 181. पण संशोधकांनी मध्यक (निम्म्या लोकांना ज्याच्या आत लक्षणं येतात तो काळ) 5.1 दिवस एवढंच सांगून सोडलं नाही. लक्षणं येणाऱ्यांपैकी 97.5 टक्के लोकांना ती 11.5 दिवसांच्या आत येतात, हे विश्वासांतरासह (अंदाज किती मागेपुढे असू शकतो त्या मर्यादांसह) दिलं, किती दिवसांनी किती जणांना लक्षणं येतात हे दाखवणाऱ्या लॉग-नॉर्मल वितरणाचे पॅरामीटर दिले आणि कोड खुला ठेवला. चौदा दिवसांच्या विलगीकरणानंतर किती जण सुटून जातील हेही त्यातून काढता आलं. नुसती सरासरी दिली असती तर मॉडेल बांधणाऱ्याच्या हाती काहीच लागलं नसतं, कारण विलगीकरण किती दिवसांचं हे वितरणाच्या शेपटीवरून, म्हणजे लक्षणं फार उशिरा येणाऱ्या थोड्या लोकांवरून, ठरतं. तुमचा उद्रेक वीस रुग्णांचा असला तरी संसर्गाच्या आणि लक्षणांच्या तारखा, नाव-गाव ओळखू येणार नाही अशा रीतीने, पुरवणी तक्त्यात द्या. आमच्या पेपरातला अंदाज त्या चार गटांना वापरता आला तो अशाच तक्त्यामुळे.

व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात. पहिल्या पेपरच्या आधी ऑर्किड (ORCID) हा संशोधकाची कायमची ओळख असलेला क्रमांक काढा आणि नाव कायम एकाच पद्धतीने लिहा. माझ्या प्रोफाईलमध्ये एकदा सारख्याच नावाच्या दुसऱ्या कुणाचे पेपर शिरले होते आणि ते काढायला वेळ गेला. प्रीप्रिंट आणि छापील पेपर एकमेकांना जोडा. शेकडो लेखकांच्या जागतिक अभ्यासात नाव असेल तर अभिमानाने लिहा, पण तुम्ही नेमकं काय केलंत तेही लिहा.

आपल्या कामाचा मोठा भाग सायटेशनमध्ये येतच नाही. उद्रेकाचा तपास अहवाल वाचून एखादी विहीर बंद होते, लसीकरणाचं वेळापत्रक बदलतं, आणि कुठेही संदर्भ नोंदला जात नाही. म्हणून मी तेव्हापासून एक फाईल ठेवते. मार्गदर्शक सूचनेत आमचं काम आलं तर पान क्रमांकासह प्रत, आरोग्य विभागातून आलेली विचारणा, आमचा कोड वापरल्याचं कळवणारा ईमेल. प्रत्येकाखाली तारीख आणि दोन ओळी. पुढच्या अर्जात मी पाचच पेपर निवडले, प्रत्येकाखाली कोणी काय वापरलं ते लिहिलं आणि एच-इंडेक्स शेवटच्या ओळीत टाकला. मुलाखतीत पहिला प्रश्न आला तो त्या पुरवणी तक्त्यावर.