काळ्या विंडोत फोल्डर शोधत बसू नका

ऐरोलीत आमच्या सोसायटीतल्या तीन-चार पोरांना रविवारी कमांड लाइन (माउसऐवजी हुकूम टाइप करून कॉम्प्युटर चालवायची काळी विंडो) शिकवतो, आणि गाडी दर वेळी एकाच ठिकाणी अडायची, काळी विंडो उघडली की हव्या त्या फोल्डरपर्यंत पोचायचं कसं, लांबलचक पाथ, म्हणजे फोल्डरचा पत्ता, टाइप करा, एक अक्षर चुकलं की एरर, की पोरगं मोबाईलकडे वळलंच.

आता विंडोजवर असं करतो:

१. नेहमीसारखा माउसने फोल्डर उघडायचा.
२. वरच्या अ‍ॅड्रेस बारमधला पाथ पुसून तिथे सी-एम-डी ही तीन इंग्रजी अक्षरं टाइप करून एंटर. काळी विंडो थेट त्याच फोल्डरमध्ये उघडते.
३. फाइलचं नाव पूर्ण टाइप करायचंच नाही, पहिली दोन अक्षरं आणि कीबोर्डवरचं टॅब बटण, उरलेलं नाव आपोआप येतं. दुसरीच फाइल आली तर परत टॅब. नावात स्पेस असेल (आमच्या पोरांच्या सगळ्या फाइली 'फायनल नवीन २' अशाच) तर अवतरण चिन्हं कॉम्प्युटर आपोआप लावतो.

फक्त सरावाला वेगळा फोल्डर करा हां, डमी फाइली टाकून. डी-ई-एल कमांडने उडवलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही, गेली ती गेलीच.