गावाचे सीमादप्तर कसे बांधावे

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नाच्या सभेत महाराष्ट्राने मागितलेली ८६५ गावे, त्यासाठी सर्वोच्च न्यायालयात केलेला २००४ चा दावा असे मोठे आकडे ऐकू येतात. एकेका गावाकडे मात्र स्वतःचे कागद क्वचितच एका जागी असतात. ही मोठी उणीव आहे. महाराष्ट्राची मागणी भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या, लोकेच्छा आणि ‘खेडे हा घटक’ (तालुका किंवा जिल्हा नव्हे, एकेक गाव धरून निर्णय) या चार कसोट्यांवर उभी आहे. आंध्र आणि मद्रास यांच्या हद्दीसाठी मध्यस्थ ह. वि. पाटसकरांच्या सूत्राने खेडे हाच घटक धरला आणि त्यावरून १९५९ चा कायदा झाला. खेडे हा घटक असेल तर पुरावाही खेड्यानेच जपायला हवा. अशा पुराव्याचे कागद एका जागी जमवणे म्हणजे गावाचे सीमादप्तर बांधणे. चार-पाच जण मिळून एका हिवाळ्यात हे काम उरकते.

कागद शोधायला निघण्याआधी १९५६ पूर्वी गाव कुणाच्या कारभारात होते ते ठरवा. इथे चुकले की आठवडे वाया जातात. बेळगाव, खानापूर, चिकोडी हे तालुके मुंबई राज्यात होते. संस्थाने विलीन होईपर्यंत रायबाग कोल्हापूर संस्थानात होते, तर आज बेळगाव शहराचाच भाग असलेले शहापूर सांगली संस्थानात. रायबागकडच्या गावाचा संस्थानी काळ शोधायचा तर कोल्हापूरच्या पुरालेखागाराची वाट धरावी लागते. निपाणी हा स्वतंत्र तालुका अलीकडचा, त्यामुळे तिथल्या गावांची जुनी नोंद चिकोडीच्या नावाखाली सापडते. चंदगड तालुकाही १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता. राज्य पुनर्रचनेत तेवढा वगळून बाकीचा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. म्हणून चंदगडला लागून असलेल्या गावांनी बेळगाव आणि कोल्हापूर, दोन्हीकडे चौकशी करावी.

दप्तराच्या पहिल्या पानावर महसुली गावाचे नाव लिहा, ग्रामपंचायतीचे नव्हे. एका पंचायतीत तीन-चार गावे आणि वाड्या असतात. नावांची गल्लत झाली की आकडे जुळत नाहीत आणि सगळ्याच कागदांवर शंका घेतली जाते. नावाची जुनी-नवी सगळी रूपे, मराठी आणि कानडी, तिथेच नोंदवा. गावाचे नाव मूळ कोणत्या भाषेतले या वादात शिरू नका. त्याने गाव काय बोलत होते हे सिद्ध होत नाही.

त्यानंतर १९५१ च्या जनगणनेतला आपल्या गावाचा मातृभाषेचा आकडा मिळवा. हा कणा आहे, कारण अलीकडच्या जनगणनांचे मातृभाषेचे छापील तक्ते तालुका आणि शहरापाशी थांबतात, गावापर्यंत उतरत नाहीत. फक्त टक्केवारी उतरवू नका. एकूण लोकसंख्या, मराठी, कानडी, उर्दू, इतर असे मूळ आकडे लिहा आणि त्या छापील पानाचा फोटो मुखपृष्ठासकट घ्या.

सगळ्यात बोलका कागद शाळेत मिळतो. मराठी शाळेचे जुने जनरल रजिस्टर उघडा: अनुक्रमांक, मुलाचे पूर्ण नाव, जात, जन्मतारीख, जन्मस्थळ, आधीची शाळा, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण, शेवटी शेरा. शाई तपकिरी पडलेली, टाकाने लिहिलेले वळणदार अक्षर, आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘बेळगावी गेला’ किंवा ‘शेतीकामास’ एवढेच. मग एखाद्या पानावर हात थांबतो: वरची ओळ मराठी आणि खालची कानडी. पंचायतीच्या ठरावबुकातही असे पान असू शकते. कारभाराची भाषा कोणत्या तारखेला बदलली ते या पानावरून कळते. त्याचा फोटो घेताना आधीची आणि नंतरची दोन-दोन पानेही घ्या, नाहीतर एकटे पान काहीच सांगत नाही. रजिस्टर मुख्याध्यापकांच्या समोरच, लेखी परवानगीने पाहावे. हयात माणसांची जात आणि जन्मतारीख दप्तरात घेऊ नये. तेवढे रकाने झाकूनच फोटो घ्या.

जमिनीच्या कागदांत आजचा उतारा कानडीतच येतो, तरी टाकू नका. त्यावरचा सर्व्हे नंबर हीच जुन्या कागदाची किल्ली आहे. तो नंबर देऊन जुना हक्कनोंदीचा उतारा, फेरफार (हक्कबदलाची नोंद) आणि आकारबंद (जमिनीचे क्षेत्र आणि साऱ्याची नोंद) मागा. हिस्से पडल्यामुळे नंबरापुढचे आकडे बदललेले असतात, म्हणून अर्जात मूळ नंबर आणि आजचा हिस्सा दोन्ही लिहा. तहसील कचेरीत आधी नेहमीच्या रीतीने सहीशिक्क्याच्या नकलेसाठी अर्ज करा आणि पोच घ्या. उत्तर आले नाही तरच माहिती अधिकाराकडे वळा.

इथे भाषेचा एक बारकावा न समजल्याने पुष्कळ अर्ज परत येतात. राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणे गाऱ्हाण्याचे निवेदन राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येते, म्हणून मराठी कागदपत्रांची मागणी, शाळेची तक्रार, फलकांबद्दलचे निवेदन मराठीतच द्यावे आणि वर ‘कलम ३५० अन्वये’ असे ठळक लिहावे. माहिती अधिकार कायद्याचे कलम ६ मात्र इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा एवढ्याच भाषा सांगते. कर्नाटकात तो अर्ज मराठीत दिला तर नाकारायला आयते कारण मिळते. हिंदीत लिहा, लिपी तीच आहे. कर्नाटकच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द एवढीच मुभा आहे. फी १० रुपये. ‘गावाचे सगळे जुने रेकॉर्ड द्या’ असे लिहिले की अर्ज बुडालाच. कागदाचे नाव, सर्व्हे नंबर, साल एवढे नेमके मागा. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील टाका. ही मुदत वहीत लिहून ठेवा, बहुतेक प्रकरणे तिथेच निसटतात.

घराघरांतले कागद जमवताना मूळ प्रत ताब्यात घेऊ नका. फोटो काढून त्याच दिवशी परत करा. तुरुंगाचे कागद, मोर्च्याची पत्रके, लग्नपत्रिका, देवस्थानची वर्गणीवही, आजीची ओव्यांची वही, सगळे चालते. मोडी कागद असेल तर जाणकाराकडून अक्षराला अक्षर लिप्यंतर करून घ्या. भावार्थ पुरावा म्हणून टिकत नाही. कानडी कागद सापडले तर तेही तितक्याच काळजीने ठेवा. गावात कानडी घरे होती आणि आहेत. ती वगळलेले दप्तर खोटे ठरते, आणि एक खोटे पान शंभर खरी पाने बुडवते.

फोटो खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, पानाच्या बरोबर वर मोबाईल धरून काढा. शेजारी पट्टी ठेवा म्हणजे कागदाचा आकार कळतो. स्कॅनरच्या अ‍ॅपमधली काळी-पांढरी सोय वापरू नका, तिच्यात फिका शिक्का पुसला जातो. रंगीतच ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की बारीक अक्षर फुटते, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फाईलला गाव, कागदाचा प्रकार, साल, पान या क्रमाने नाव द्या.

खानापूरकडच्या पावसात जुने रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सोडूच नयेत. दमट हवेत पाने एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना शाई सुटते. डिसेंबर ते मे हा काळ चांगला. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, काही वर्षांत ती पिवळी पडून कागद खाते. लॅमिनेशन तर कधीच नको. कागद उन्हातही वाळवू नये, सावलीत पंख्याखाली ठेवावा. धुतलेल्या सुती कापडात बांधून जमिनीपासून वर, बाहेरच्या भिंतीला न टेकवता ठेवला की पुष्कळ टिकतो.

म्हाताऱ्या माणसांच्या जबान्यांना सगळ्यात आधी हात घाला. ज्या दिवशी बेळगावात सीमा आंदोलकांवर गोळीबार झाला त्या १७ जानेवारी १९५६ ला बारा वर्षांचा असलेला मुलगा आज ऐंशीच्या पुढे आहे. एका बैठकीला चाळीस मिनिटे पुरे. मोबाईल विमान मोडवर ठेवा, पंखा बंद करा, सुरुवातीला नाव, गाव, तारीख आणि संमती त्यांच्याच आवाजात घ्या. ‘तुम्ही मोर्च्याला होता नव्हं?’ असे विचारले की ‘होय की’ एवढेच उत्तर येते. त्याऐवजी ‘त्या दिवशी सकाळी घरात काय चाललं होतं?’ असे विचारा आणि गप्प बसा. घरातल्या बायकांना वेगळे बसवून विचारा. पुरुष सभा सांगतात, बाया रॉकेल कुठून आणले आणि कोण किती दिवस घरी आला नाही ते सांगतात.

आठवणीत तारखा सरमिसळ होतात. १९५६ चा जानेवारी, त्याच वर्षीचा १ नोव्हेंबर आणि कन्नडसक्तीविरोधातले १ जून १९८६ चे हिंडलग्याचे आंदोलन एकाच गोष्टीत येतात. बोलणाऱ्याला मध्येच दुरुस्त करू नका. जबानी आहे तशी उतरवा, खाली वेगळ्या शाईने टीप द्या. त्यांचे मूल तेव्हा केवढे होते, घर बांधून झाले होते का, असे विचारले की साल बहुधा सापडते.

शेवटी तीन प्रती करा: एक गावात, एक गावाबाहेरच्या नातलगाकडे, एक पेन ड्राईव्हवर. पेन ड्राईव्ह दर दोन वर्षांनी बदला. २००४ चा दावा कलम १३१ खालचा, म्हणजे राज्य आणि केंद्र यांच्यातला आहे. गावकऱ्याला त्यात परस्पर कागद घालता येत नाही. महाराष्ट्र शासनाच्या सीमा कक्षाकडे किंवा सीमाभागातल्या मराठी माणसांची संघटना असलेल्या महाराष्ट्र एकीकरण समितीकडे द्यायच्या त्या प्रतीच, यादीसह आणि पोच घेऊन. यादीत प्रत्येक कागदापुढे मूळ प्रत आज कुणाच्या घरी आहे ते लिहा आणि दरवर्षी १७ जानेवारीच्या हुतात्मा दिनाच्या सुमारास ती एकदा घरोघर जाऊन पडताळा. वाटण्या होतात, घरे पाडली जातात, आणि कागदाचा ठावठिकाणा त्याच वर्षी हरवतो.