बुरशी सापडली, म्हणून बुरशीचाच आजार? जुनाट सायनसमध्ये या चुका टाळा

नाकातल्या स्रावात बुरशी वाढली असा अहवाल आला, की बुरशीविरोधी गोळी सुरू करायची घाई होते. बारा आठवड्यांहून जास्त रेंगाळलेल्या सायनसमध्ये सर्रास होणारी चूक ती हीच. बुरशीचे बीजाणू हवेत असतातच. श्वासाबरोबर आत जातात आणि नाकातल्या चिकट स्रावात अडकतात. १९९९ साली मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी जुनाट सायनसच्या २१० रुग्णांचा स्राव तपासला, तेव्हा ९६ टक्के जणांत बुरशी निघाली आणि सगळ्या दुखण्याचे मूळ सापडले असे अनेकांना वाटले. पण तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी माणसांच्या नाकांतही ती होतीच! पुढे अँफोटेरिसिन-बीने नाक धुण्याच्या आणि टर्बिनाफिनच्या गोळ्यांच्या (दोन्ही बुरशीविरोधी औषधे) चाचण्या झाल्या. त्यांतून सरसकट फायदा दिसला नाही.

म्हणून बुरशी आहे की नाही यापेक्षा ती तिथे काय करते आहे, हे आधी ठरवावे लागते.

सगळ्या प्रकारांना एकच औषध

पहिला प्रकार बुरशीच्या गोळ्याचा. तो बहुधा एकाच बाजूला, गालाच्या सायनसमध्ये, म्हणजे गालाच्या हाडातल्या पोकळीत होतो. वरच्या दाढेच्या रूट कॅनालचे सिमेंट सायनसमध्ये गेले असेल, तर त्याभोवतीही तो जमतो. दुर्बिणीने तो पूर्ण काढून टाकला की पुरते. बुरशीविरोधी औषधाच्या गोळ्या सहसा लागत नाहीत. मात्र त्रास एकाच बाजूला असेल तर गाठ नाही ना, याची खात्री करून घ्यायलाच हवी.

अॅलर्जिक प्रकारात बुरशी ऊतीत शिरत नाही. शरीरच तिच्यावर चवताळून उठते. नाकात पॉलिप (अस्तराचे मऊ फुगवटे) वाढतात, सायनस डिंकासारख्या घट्ट, तपकिरी स्रावाने भरतात. शस्त्रक्रियेने हा स्राव साफ करतात, पण अॅलर्जी शस्त्रक्रियेने जात नाही. नाक मोकळे झाले म्हणून स्टिरॉइड स्प्रे आणि नाक धुणे बंद केले, की पॉलिप परत येतात.

नमुना चुकीच्या बाटलीत

शस्त्रक्रियेत काढलेला सगळा नमुना फॉर्मॅलिनमध्ये (ऊती टिकवणाऱ्या द्रवात) घातला, तर बुरशी मरते आणि कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत ती वाढवून पाहण्याच्या तपासणीत, काहीच वाढत नाही. एक भाग सूक्ष्मदर्शकाखालच्या ऊतक तपासणीसाठी फॉर्मॅलिनमध्ये आणि दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये, असे दोन भाग पाठवावेत. दुसरी गफलत एमआरआयची. घट्ट बुरशीयुक्त स्राव त्यातल्या काही चित्रांत इतका काळा दिसतो, की सायनस रिकामा आहे असे वाटावे. सीटी स्कॅनमध्ये तोच स्राव पांढुरका उठून दिसतो, म्हणून एमआरआय सीटीसोबत ठेवूनच वाचावा.

नळाच्या पाण्याने नाक धुणे

नळाच्या पाण्यात नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबा (एकपेशीय सूक्ष्मजीव) असू शकतो. पोटात गेला तर काही होत नाही, पण नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचला तर तो बहुतेकदा प्राण घेतो. पाणी खळखळ उकळू लागल्यावर किमान १ मिनिट (२००० मीटरच्या वर राहत असाल तर ३ मिनिटे) उकळत ठेवा आणि कोमट होऊ द्या. २४० मिलिलिटर पाण्याला साधारण २ ग्रॅम आयोडीन नसलेले मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा पुरतो. मीठ कमी पडले तरी झोंबते, जास्त झाले तरी झोंबते. तेव्हा चमच्याच्या अंदाजापेक्षा वजन करावे. पुढे वाका, तोंडाने श्वास घ्या, बाटली हलकेच दाबा. जोरात दाबलेले पाणी कानाकडे जाते. बाटली दर वेळी धुऊन पूर्ण वाळवा, नाहीतर तिच्यातच जंतू वाढतील.

स्प्रे मधल्या पडद्यावर मारणे

स्टिरॉइड स्प्रे नाक धुतल्यावर मारावा, आधी नव्हे. उजव्या नाकपुडीसाठी डावा हात वापरला, की टोक आपोआप बाहेरच्या बाजूला, कानाकडे वळते. मधल्या पडद्यावर रोज फवारा बसला तर रक्त येते. आठवड्याभरात गुण नाही म्हणून सोडू नका; ८ ते १२ आठवडे नियमित वापरूनच काय ते ठरवा. चोंदलेले नाक तत्काळ उघडणारे झायलोमेटाझोलिनचे थेंब मात्र ५ ते ७ दिवसांपलीकडे नेऊ नयेत. त्यानंतर त्यांच्यामुळेच नाक चोंदते.

डॉक्टरांनी इट्राकोनाझोल हे बुरशीविरोधी औषध दिलेच, तर चालू असलेली सगळी औषधे त्यांना सांगा, नाकातला स्प्रेसुद्धा. ते फ्लुटिकासोन आणि बुडेसोनाइडसारख्या स्टिरॉइडचे शरीरातले प्रमाण वाढवते. यकृताची तपासणी करावी लागते, आणि हृदय कमकुवत असेल तर ते टाळलेलेच बरे.

धोक्याच्या खुणांना साधी सर्दी समजणे

ऊतींत आणि रक्तवाहिन्यांत घुसणारी बुरशी हे वेगळेच प्रकरण. हाताबाहेर गेलेला मधुमेह, केमोथेरपी किंवा अवयव प्रत्यारोपण असलेल्यांना तिचा धोका जास्त. डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणे, दृष्टी मंदावणे, गाल बधिर होणे, दात हलणे, नाकात किंवा टाळूवर काळी खपली, यातले एकही दिसले तर अँटिबायोटिकचा कोर्स संपायची वाट पाहू नका आणि मनाने स्टिरॉइडची गोळी तर मुळीच घेऊ नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. इथे बुरशीविरोधी औषध शिरेतून द्यावे लागते आणि मेलेली ऊती तातडीने काढावी लागते.