कागदपत्रांच्या प्रती: निघण्याआधी काय, कुठे आणि कोणाकडे ठेवायचं

सहलीला निघायचं म्हटलं की औषधं, स्वेटर, चिवड्याचे डबे यांची यादी आठवडाभर आधी तयार असते. कागदपत्रांचं मात्र आदल्या रात्री "सगळ्यांचे आधार घेतले ना?" एवढ्यावर भागवलं जातं. मग सगळ्यांचे आधार, पासपोर्ट, तिकिटं आणि त्या सगळ्यांच्या झेरॉक्सचा गठ्ठा एकाच पाऊचमध्ये जातो, पाऊच एका बॅगेत आणि बॅग बहुधा आईच्या नाहीतर वहिनीच्या खांद्यावर. झेरॉक्स काढल्याचं समाधान मिळतं, पण ती बॅग गेली तर मूळ आणि प्रत एकदमच जाणार. म्हणून यादी करताना प्रत्येक कागदाला एकच प्रश्न विचारायचा: हा हरवला, तर त्याची प्रत त्या क्षणी कुठे असेल आणि ती मला मिळेल का?

सुरुवात काय घरी ठेवायचं तिथपासून करा. रेशनकार्ड, चेकबुक, एलआयसीच्या मूळ पॉलिसी, जातीचा दाखला यांचं प्रवासात काही काम नसतं. पाकिटात वर्षानुवर्षं पडून असलेलं पॅनकार्डही बहुतेकांनी घरीच ठेवावं. देशातल्या विमानप्रवासाला आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पॅन, पासपोर्ट यांपैकी कोणतंही एक पुरतं. रेल्वेच्या ई-तिकिटावर जितकी नावं असतील त्यांपैकी एकाकडे तरी मूळ ओळखपत्र लागतं. त्याच्या झेरॉक्सवर टीसी भागवून घेईल या भरवशावर राहू नका. दोन वर्षांखालचं बाळ विमानात मांडीवर बसणार असेल तर वयाचा पुरावा मागतात, तेव्हा जन्मदाखला घ्या.

झेरॉक्सपेक्षा चांगली सोय म्हणजे प्रत्येक मोठ्या माणसाकडे दोन वेगवेगळी मूळ ओळखपत्रं असणं: आधार खिशात, परवाना किंवा मतदार कार्ड दुसऱ्या बॅगेत, शक्यतो दुसऱ्या माणसाच्या. पाकीट मारलं गेलं तरी परतीच्या विमानात बसता येतं. हे करायला पैसे लागत नाहीत, तरी फार थोडे लोक करतात.

नेपाळला जाणाऱ्यांसाठी वेगळं सांगायला हवं, कारण पशुपतिनाथ-मुक्तिनाथाच्या यात्रेला आपल्याकडून पुष्कळ ज्येष्ठ मंडळी जातात आणि "नेपाळला व्हिसा लागत नाही" या वाक्यावर निर्धास्त राहतात. व्हिसा लागत नाही हे खरं, पण काठमांडूच्या विमानासाठी पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मूळ मतदार ओळखपत्र लागतं. आधार चालतो तो फक्त 15 वर्षांखालच्या आणि 65 वर्षांवरच्या लोकांना. ही सवलत 2019 पासून आहे. म्हणजे आजोबा 68 चे असतील तर त्यांचं आधारवर जमेल, पण 61 वर्षांच्या आजी विमानतळावर अडकतील. भूतानलाही हाच 15 आणि 65 चा हिशेब आहे. मतदार कार्ड घरात शोधायला घ्यायचं ते महिनाभर आधी. बऱ्याच घरांत ते पंधरा-वीस वर्षांपूर्वीचं, लॅमिनेशनच्या आत पिवळं पडलेलं, फोटो ओळखू न येणारं असतं. ते बदलून घ्यायला वेळ लागतो. ज्यांचा पासपोर्ट चालू आहे त्यांनी सरळ तोच न्यावा.

याच वेळी सगळ्यांची नावं एका ओळीत मांडून बघा. आपल्याकडे बायकांच्या कागदपत्रांत हा घोळ हमखास असतो: पॅनवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, मतदार कार्डावर नवऱ्याचं नाव मधे आणि आडनावाचं स्पेलिंग तिसरंच. तिकीट ज्या ओळखपत्रावर प्रवास करणार त्यावरच्या नावाने काढा, बुकिंग करणाऱ्या भाच्याला जे तोंडपाठ आहे त्या नावाने नको. दोन नावांचा संबंध दाखवायला विवाह नोंदणी प्रमाणपत्राची प्रत सोबत असू द्या. पासपोर्टची मुदतही बघून घ्या. अनेक देशांना प्रवासाच्या तारखेनंतर सहा महिने शिल्लक हवे असतात.

आता झेरॉक्स. पासपोर्टचं फोटोचं पान सगळेच काढतात, शेवटचं पान राहतं. त्या पानावर पत्ता, आधीच्या पासपोर्टचा नंबर आणि फाइल नंबर असतो, आणि पासपोर्ट हरवल्यावर नवीन अर्ज भरताना तीच माहिती कुणाला आठवत नाही. तेव्हा पहिलं पान, शेवटचं पान आणि व्हिसाचं पान अशा तिन्हींची प्रत काढा. परदेशात उतरल्यावर प्रवेशाचा शिक्का मारला की त्याचाही फोटो लगेच, सामानाच्या पट्ट्याशी उभे असतानाच, काढून टाका.

आधारची प्रत द्यायची वेळ येणार असेल तर मास्क्ड आधार डाउनलोड करून त्याचे प्रिंट घ्या. त्यात पहिले आठ अंक झाकलेले असतात आणि शेवटचे चार दिसतात. हॉटेलला, टूरवाल्याला, गाडीवाल्याला द्यायच्या प्रतीवर आडवी रेघ मारून "फक्त हॉटेल नोंदणीसाठी" आणि तारीख लिहायची. फोटो आणि नंबरावरून गेलं तर उत्तम, कारण मजकुराच्या बाजूला कोपऱ्यात लिहिलेलं कापून टाकता येतं. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून निश्चिंत राहू नका. तो नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष असा ठरलेला असतो आणि तुमच्या तिकिटावर नाव छापलेलं असतंच.

झेरॉक्सच्या दुकानात काय होतं ते कधी बघितलंय? काउंटरवर नंबर चिकटवलेला असतो, "ह्यावर व्हॉट्सॲप करा" म्हणतात. आपण पासपोर्ट, आधार, कधी बँकेचं पासबुकही पाठवतो. मुलगा ते व्हॉट्सॲप वेबवर उघडतो, डेस्कटॉपवर सेव्ह करतो, प्रिंट देतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. फाइल तिथेच राहते. घरी प्रिंटर असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर मूळ कागद घेऊन जा आणि समोर उभं राहून झेरॉक्स काढा. पाठवावंच लागलं तर निघण्याआधी त्याच्याकडून डेस्कटॉपवरची फाइल आणि चॅट दोन्ही डिलीट करून घ्या. लाजण्यासारखं त्यात काही नाही, तो रोज दहा जणांचं करत असेल तर करेल.

घरच्या इंकजेट प्रिंटरची शाई पाण्याने फुटते. पावसाळ्यात कोकणात किंवा केरळात जाणार असाल तर लेझर प्रिंट किंवा झेरॉक्सच घ्या. पण तो टोनरही बाजारातल्या स्वस्त मऊ प्लास्टिकच्या पाकिटाला काही महिन्यांत चिकटतो. कागद ओढून काढला की अक्षरं उलटी होऊन प्लास्टिकवर राहतात. गेल्या वर्षीच्या सहलीचा संच तसाच उचलून नेणाऱ्यांनी आधी तो उघडून वाचता येतोय का बघावं.

कागदी संच दोन पुरे. एक मूळ कागद ज्या बॅगेत नाहीत त्या बॅगेत, दुसरा सहप्रवाशाकडे. पतीचा पत्नीकडे, पत्नीचा पतीकडे. सोबत पांढऱ्या पार्श्वभूमीचे चार-सहा पासपोर्ट फोटो ठेवा. परदेशात कागद हरवल्यावर रविवारी संध्याकाळी फोटो स्टुडिओ शोधत फिरणं फार वाईट.

डिजिटल प्रतींबद्दल एक गैरसमज पक्का बसलाय, की फोनमध्ये फोटो आहे म्हणजे झालं. डिजिलॉकर या सरकारी ॲपमध्ये जे कागद संबंधित खात्याकडून थेट आलेले असतात, म्हणजे "इश्यूड" भागातले, त्यांना मूळ कागदाइतकीच मान्यता आहे. रेल्वेने 2018 पासून तिथले आधार आणि वाहन परवाना ओळखपत्र म्हणून मानले आहेत, वाहतूक पोलिसांनाही परवाना आणि आरसी तिथून दाखवता येते. आपण स्वतः स्कॅन करून चढवलेला कागद मात्र "अपलोडेड" भागात जातो आणि त्याला तो मान नाही. निघण्याआधी ॲप उघडून आपला परवाना नेमक्या कोणत्या भागात आहे ते बघून घ्या. ही मान्यता भारतातली आहे. काठमांडूला किंवा दुबईला तिच्या जोरावर काही होत नाही.

काश्मीर आणि लडाखला जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायचं: बाहेरच्या राज्यातली प्रीपेड सिमं तिथे चालत नाहीत, पोस्टपेड चालतात. श्रीनगरला उतरलात आणि घरातल्या चौघांची सिमं प्रीपेड असली की ना इंटरनेट, ना ओटीपी, ना डिजिलॉकर. एकाचं तरी सिम पोस्टपेड करून घ्या, आणि सगळ्या कागदांच्या पीडीएफ फोनमध्ये डाउनलोड करून, फोन एअरप्लेन मोडवर टाकून उघडतात का ते तपासा.

आणि आता फोनच गेला तर? कागदांचा विचार केलेले लोकही इथे अडकतात. प्रती गूगल ड्राइव्हवर आहेत, ड्राइव्ह उघडायला ओटीपी लागतो आणि ओटीपी चोरीला गेलेल्या फोनवर जातो. डिजिलॉकरचंही तेच. त्याच नंबरचं नवीन सिम घेतलं तरी ते सुरू झाल्यापासून 24 तास एसएमएस बंद असतात, त्यामुळे त्या दिवशी तर काहीच उघडत नाही. परदेशात असाल तर ते नवीन सिम मिळणंही अवघड. उपाय सोपा आहे. गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात बॅकअप कोड मिळतात, आठ अंकी, दहा कोड, प्रत्येक एकदाच वापरायचा. त्यांतले दोन-तीन कागदावर उतरवून कपड्यांच्या बॅगेत ठेवा. कागदावर खात्याचं नाव, "गूगल" असा शब्द, पासवर्ड यांतलं काही लिहायचं नाही, नुसते आकडे. कुणाच्या हाती लागले तरी किराणा हिशेबासारखे दिसले पाहिजेत.

शिवाय घरी राहणाऱ्या एका माणसाकडे सगळ्यांच्या कागदांची एक पीडीएफ असू द्या. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. त्या ग्रुपमध्ये मावसभावाचा जुना फोन, काकांचा दुकानातला फोन आणि कोण कोण असतं. रात्री-अपरात्री फोन उचलणारा एकच माणूस निवडा आणि त्याचा नंबर पाठ करा. खरंच पाठ करा, फोन गेल्यावर तोच एक नंबर कामाला येणार आहे.

मग निघण्याच्या आधीच्या रविवारी रंगीत तालीम. स्वतःचा फोन कपाटात ठेवून, दुसऱ्याच्या फोनवरून पासपोर्टची प्रत दहा मिनिटांत मिळवून दाखवायची. आई-बाबा एकटे जाणार असतील तर हे त्यांच्याकडून करून घ्या, तुम्ही करून दाखवू नका.

एका कागदावर नंबर लिहा: बँकेचा कार्ड बंद करायचा, प्रवास विम्याचा आणि पॉलिसीचा, टूर मॅनेजरचा, त्या देशातल्या भारतीय दूतावासाचा तातडीचा. फोनचा आयएमईआय नंबर *#06# डायल केला की दिसतो, तोही लिहा; संचार साथी या सरकारी पोर्टलवरून फोन ब्लॉक करायला तो आणि पोलिस तक्रारीची प्रत लागते. कार्डाचे शेवटचे चार अंक पुरेत. पिन, सीव्हीव्ही अजिबात नको.

वाटेत मूळ कागद हातातून सोडायचा नाही. "सकाळी चेक-आउटला देतो, साहेब" म्हणून हॉटेलवाला आधार ठेवून घेत असेल तर प्रत द्या आणि मूळ मागून घ्या. गोव्यात भाड्याने स्कूटर देताना कुणी परवाना किंवा आधार अनामत म्हणून मागतात. त्यापेक्षा पैशांची अनामत द्या नाहीतर दुसरा गाडीवाला बघा, परवाना त्याच्याकडे ठेवून तुम्ही गाडी कशाच्या जोरावर चालवणार? गाडीची नंबरप्लेट काळ्यावर पिवळी आहे ना हेही त्याच वेळी बघा, भाड्याच्या गाडीची ती खूण.

हरवलंच तर पहिलं काम तक्रार. रेल्वेत चोरी झाली तर 139 वर फोन करा आणि टीटीईकडे किंवा आरपीएफच्या जवानाकडे एफआयआरचा फॉर्म मागा, मधल्या स्टेशनवर उतरायची गरज नाही. इतर ठिकाणी "ही आमची हद्द नाही" असं ऐकून परत फिरू नका. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात हद्द कोणतीही असो, गुन्ह्याची माहिती घ्यायची तरतूद आहे. तक्रारीत प्रत्येक कागदाचा नंबर लिहा, आणि तो लिहिता यावा म्हणूनच सोबत प्रती आणल्या आहेत. परदेशात स्थानिक पोलिसांचा अहवाल, पासपोर्टची प्रत आणि फोटो घेऊन दूतावासात जायचं. परतायची घाई असेल तर इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं, ते फक्त भारतात एकदा परत येण्यापुरतं असतं, पुढचा देश बघायला चालत नाही. काही देशांत हरवलेल्या पासपोर्टवरच्या व्हिसासाठी बाहेर पडायची वेगळी परवानगी लागते, ते दूतावासातच विचारा. आणि हरवल्याची नोंद केलेला पासपोर्ट नंतर सोफ्याच्या फटीत सापडला तरी तो वापरू नका. तो रद्द झालेला असतो, विमानतळावर अडवतील.

घरी आल्यावर धुण्याच्या ढिगाबरोबर हेही उरकायचं: टूरवाल्याला पाठवलेले फोटो चॅटमधून काढणं, हॉटेलच्या संगणकावर मेल उघडलं असेल तर गूगल खात्यातून त्या यंत्राला लॉग-आउट करणं, वापरलेले बॅकअप कोड बदलणं, उरलेल्या झेरॉक्स फाडणं. रद्दीवाल्याच्या गठ्ठ्यात अख्ख्या टाकू नका.