थेंब थंड, आयन मात्र तापलेला: हिलियम थेंबांचा स्पेक्ट्रम वाचताना या चुका टाळा

नांदेड-परभणीकडच्या एमएस्सीच्या पोरांपुढे हिलियम नॅनोथेंबांचा (हजारो हिलियम अणूंचे अतिथंड थेंब, त्यात तपासायचे रेणू अडकवतात) मास स्पेक्ट्रम, म्हणजे आयनांच्या वस्तुमानाचा आलेख, ठेवला की पहिला प्रश्न ठरलेला: "सर, ०.३७ केल्विनला रेणू तुटणारच नाही ना?"

तुटतो, आणि चांगला तुटतो. थेंब थंड असतो, आयन बनण्याची क्रिया थंड नसते. इलेक्ट्रॉनचा मारा केला की बहुतेक वेळा आधी हिलियमच आयनित होतो, कारण थेंबात गर्दी त्याचीच. त्याला २४.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. तो धनभार अणूवरून अणूवर उड्या मारत आत जातो आणि तिथं अडकलेल्या, समजा पाण्याच्या, रेणूचा इलेक्ट्रॉन ओढून घेतो. पाण्याला लागतात १२.६. उरलेले १२ जाणार कुठं? एक हिलियम अणू उडताना जेमतेम ०.६ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट नेतो. भागाकार करा: वीस हजार अणू! थेंब पाच हजारांचा असेल तर सगळा उडून जाईल आणि आयन तरी तापलेलाच राहील. म्हणून तुकडे दिसले की लगेच "प्रयोग बिघडला" असं लिहू नका. आधी थेंबांचा सरासरी आकार काढा. ते लहान असतील तर नॉझल (ज्या बारीक छिद्रातून हिलियम सुटून थेंब बनतात ते) आणखी थंड करा, थेंब मोठे होतील.

थेंब मोठे करूनही प्रोटॉनची देवघेव थांबत नाही. पाण्याचा आयन शेजारच्या रेणूला प्रोटॉन देतो, हायड्रॉक्सिल निसटतो आणि वस्तुमान १९, ३७, ५५ ला पीक, म्हणजे आलेखातले उंचवटे, येतात. ३७ म्हणजे मूळ क्लस्टर (रेणूंचा पुंजका) दोन रेणूंचा, असं बरेचजण लिहितात. तो निदान तिघांचा होता.

हायड्रॉक्सिल आतच अडकला तर पीक ३६ ला यायला हवा. इथंच सगळ्यात मोठा घोळ होतो. हिलियमचे नऊ अणूही ३६ च भरतात! दोघांत फरक सुमारे ०.००२, साध्या क्वाड्रुपोल वस्तुमानमापकाला तो दिसायचाच नाही. तसंच २८ चं. सात हिलियम २८.०१८, नायट्रोजन २८.००६. अशा वेळी ४ ने भाग न जाणारा पीक धरावा. पाण्यासाठी ५४ (तीन रेणूंचा आयन) बघा, तिथं निव्वळ हिलियमची मालिका येतच नाही.

पिकअप सेल (जिथून जाताना थेंब रेणू उचलतात तो कक्ष) बंद ठेवून घेतलेला स्पेक्ट्रम सरळ वजा करणंही चूकच. एकेक रेणू आत शिरताना शेकडो हिलियम अणू उडतात, थेंब आक्रसतो आणि हिलियमच्या पीकांची उंचीही बदलते. आधी निव्वळ हिलियमच्या २४ च्या पीकवर दोन्ही स्पेक्ट्रम जुळवा, मग वजाबाकी करा. सेलचा दाब वाढवत नेला की क्लस्टर वाढतच जातील, हा समजही याच कारणानं फसतो.

ऋण आयनांबद्दल एवढंच: वायूतले रेझोनन्स (ज्या ठरावीक ऊर्जांना रेणू इलेक्ट्रॉन पकडतो त्या) थेंबात जसेच्या तसे शोधू नका. थेंबात शिरायलाच इलेक्ट्रॉनला सुमारे एक इलेक्ट्रॉनव्होल्ट जास्त लागतो, म्हणून ते वर सरकतात.

आता, आपल्याकडे कुणी हा सेटअप मांडलाच तर. क्रायोकूलरच्या (नॉझल थंड करणाऱ्या यंत्राच्या) कॉम्प्रेसरला बोअरचं पाणी सरळ जोडू नका. क्षार बसून तो तापतो. बंद फेऱ्याचा चिलर घ्या. लाइट जाऊन निर्वात राखणारे टर्बोपंप थांबले तर चेंबरच्या भिंतींवर ओल बसते आणि वाटेत जे भेटेल ते थेंब उचलतो. तेव्हा लाइट आल्या आल्या स्पेक्ट्रम घेऊ नका. आधी चेंबर बेक करा, म्हणजे तापवून ओल घालवा, मग सेल बंद ठेवून १९ चा पीक पहिल्यासारखा बसला का ते बघा.